चिकटलेला कटआउट

धाराशिव, मार्च १९५९. मंगळवार, दिवेलागण

दुपारी वकीलसाहेबांच्या मोटारीच्या कटआउटचं झाकण काढलं अन् तिथंच माझं सगळं फिरलं. इंजिन बंद झालं की डायनॅमो अन् बॅटरीमधला हा जोड सुटायला हवा. तो चिकटूनच बसलाय. म्हणून बंद मोटारीतही विजेच्या मीटरचा काटा डावीकडं, बॅटरी गळतेय असं दाखवत कललेला, अन् रोज सकाळी बॅटरी मेलेली. रोज मला बोलावणं, रोज त्यांची लेक शालू दिसायची. कॉलेज सोडून गॅरेज धरलं, त्यातलं सुख एवढंच.

आता जोड सोडवला तर उद्या हीच मोटार शालूला भूमला नेणार, मुलाकडच्यांना दाखवायला. नाही सोडवला तर? झाकण परत लावलं. "सापडत न्हाय," म्हणालो.

"काय हो कॉलेजवाले, हेही अर्ध्यातच सोडणार व्हय?" वकीलसाहेब म्हणाले. लई पेटलो. काटा तसाच कललेला, माझ्याकडंच बघत.

निघताना शालू फाटकापाशी आली. "नीट करा की हो. रस्त्यात ढकलायला लागली तर माझी नवी साडी मळंल." अन् हसली.

साडी! म्हणजे तिला जायचंय. मी कुणासाठी नादान ठरतोय मग?

कानस घेतलीय. जोड आत्ताच सोडवून येतो. निघालो, दार ओढून घेतो.