तो वार की ती वार

३ फेब्रुवारी १९६४, सोम.
गोदामायला पाहून आले. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, वाचाही. गावची जुनी सुईण ती. मी नर्स म्हणून इथे आले तेव्हा सहा महिने माझ्याशी बोलली नव्हती. आता एकच शब्द येतो. "वार." स्पष्ट, खणखणीत. समज शाबूत. 'हो'ला डोळे मिटते, 'नाही'ला मान हलवते.
मुलगा नामदेव खाली वाकून विचारत होता, "कोनं वार केला का तुयावर, माय?"
मान हलली.

५ फेब्रु., बुध.
धाडच्या दवाखान्यातून औषधं घेऊन येताना पुन्हा डोकावले. सून कौसल्या रडवेली. "आत्याबाई लुगडं मांगून राह्यल्या वाटते," म्हणून पेटीतलं नवं नऊ वार पुढे ठेवलं. म्हातारीनं डाव्या हातानं भिरकावलं. मी नाडी बघायला बसले तर माझंच मनगट धरलं. "वार." बोटं सोडवायला दोघी लागलो. अजून वळ आहेत.

८ फेब्रु., शनि.
खालच्या आळीत बाळंतपण. मुलगा, सुखरूप. आजीनं दाराआडून विचारलं, "वार पडली का, बाई?"
हातातलं काम थांबलं. नर्स असून मला सुचू नये! सुईण दुसरं काय म्हणणार. तो वार नव्हे, ती वार, बाळामागून पडणारी.
तशीच गोदामायकडे. "बाळंतिणीच्या वारेचं म्हणता का?" डोळे मिटले. कितीतरी वेळ उघडेचनात. मग डावा हात न्हाणीकडे.

१० फेब्रु., सोम.
दुपारी न्हाणीजवळ खणलं. नामदेवला नको होतं. पहार कौ.नेच घेतली.
गोदामाय वार मडक्यात घालून पुरायची. एका लेकराचं एक मडकं, एक कवडी. कौ.ला एकच मूल, मंदी, सहा वर्षांची. हातभर खाली मडकं लागलं. आत माती, तळाशी कवडी. "हे मंदीचं," कौ. म्हणाली. खड्डा बुजवताना पहार पुन्हा वाजली.
दुसरं मडकं. पहिल्याला अगदी खेटून. त्यातही कवडी.
मंदी ओट्यावर बसून दोन्ही कवड्या एकमेकींवर वाजवत होती, टक टक.
नामदेव, कोणी न विचारता : "मी तवा मलकापूरले होतो."
कौ. : "मले पुरी शुद्ध नव्हती, बाई. पोरगी रडली ते ऐकलं. दोन्ही कानांनी दोन रडणे ऐकले. आत्याबाई म्हने, एकच हाय, भास झाला तुले."

११ फेब्रु., मंगळ.
कौ.ने सासूच्या तोंडाजवळ तोंड नेलं.
"दोन होत्या?" डोळे मिटले.
"जिती हाय?" मिटले.
"कुठी हाय?"
"वार."
नामदेव उठून बाहेर गेला.
हा मात्र तो वार असेल, असं मला वाटलं. एकेक दिवस उच्चारला. सोमवार. मंगळ. बुध. गुरुवारला डोळे मिटले.
कौ. भिंतीला टेकली. गोदामाय दर गुरुवारी पिंपळखेडच्या बाजाराला जायची. सहा वर्षं, पायी. "रिकाम्या हाती जाये, रिकाम्या हाती ये. मी म्हनो, काऊन जाता? तं नुसती हासे."
का दिली, कुणाला दिली, ते विचारायला आमच्याजवळ शब्द होते. सांगायला तिच्याजवळ नाहीत.

१३ फेब्रु., गुरु.
पिंपळखेड. बाजारातच बसून लिहिते, पेन्सिलीने.
कौ.ने मंदीला मुद्दाम आणलं. मंदी इथे याआधी कधीच आलेली नाही. तरी भाजीवाली तिच्याकडे पाहून ओळखीचं हसली. पुढे कासारणीनं हात धरून खालीच बसवलं अन् माप न घेता बांगड्या चढवायला लागली. बरोब्बर बसल्या.
"गेल्या बाजाराले तं भरल्या होत्या वं पोरी. साऱ्या फोडल्या काऊन?"
मंदी हाताकडे बघत राहिली. कौ.ने आवाज न चढवता विचारलं, "कोनासंगं आली होती ते?"
"तिच्या मायसंगं. तू कोन होय?"
कौ. तिथेच धुळीत बसली, मंदीला मांडीत घट्ट धरून.
कासारीण म्हणते, ती बाई ऊन उतरल्यावर येते.
ऊन उतरलं आहे.