विहिरीचं पिवळं पाणी

बाबा, तुझी पणती माझ्याच वाटेने निघाली आहे आणि आज दुपारपर्यंत मला तिचा संशय येत होता. आनंद व्हायला हवा होता; होईल कदाचित, सावकाश. एमबीबीएस झाली, पुढच्या परीक्षेत नंबर इतका वरचा आला की तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, मनातल्या मनात एक्सरेचं सेंटरही थाटलं. पूर्णा गावातल्या आपल्या गोदामाचं भाडं येतंच आहे, मशीन घेऊ म्हणाला. आणि पोरगी जेवता जेवता सांगते, मी कम्युनिटी मेडिसिन घेणार. माणूस आजारी पडल्यावर नव्हे, तर पडूच नये म्हणून पाणी, गटारं, लशी आणि साथी यांच्यामागे हिंडणारं हे शास्त्र. वरच्या नंबरची मुलं तिकडे फिरकत नाहीत. ज्यांना दुसरं काही मिळत नाही त्यांच्या वाट्याला ते येतं, हे मी जन्मभर त्याच खात्यात राहून सांगतो. पसंती आज संध्याकाळपर्यंत कळवायची होती, मग बदल नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हीच सांगा तिला. तुमचं ऐकेल." तेव्हापासून मी हवालदारासारखा तिच्या मागावर होतो.

आधी वाटलं, त्या कॉलेजात कुणी मुलगा असणार. मग वाटलं, रात्रपाळ्यांना कंटाळली. चहा पिताना सहज विचारल्यासारखं विचारलं, तर हसून म्हणाली, "आजोबा, साथीचा उगम शोधताय का?" शेवटी जो संशय आला तो मात्र जाईना. ही माझ्यासाठी करते आहे. माझ्या दाराशी कधी पेशंटच्या चपला दिसल्या नाहीत, दिवाळीला कुणी बरा झालेला माणूस मिठाई घेऊन आला नाही, हे ती लहानपणापासून बघते आहे. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून कुणी आपलं आयुष्य वाकवू नये. तसं असेल तर तिला आजच थांबवायला हवं होतं.

तूही माझ्यावर असाच संशय घेतला होतास. आपल्या वळ गावच्या खळ्यावर तू भात झोडतो आहेस, अंगावर तूस, आणि मी येऊन सांगतो की सरकार मला पुढे शिकायला पाठवतंय, सार्वजनिक आरोग्याच्या पदविकेला. आपल्या ओट्याची रस्त्याकडची बाजू तू माझ्या दवाखान्यासाठी मोकळी ठेवली होतीस, गावभर सांगून. मला मात्र शाळेतल्या कवितांनी बिघडवलं होतं. त्यांतलं पाणी नेहमी निर्मळ, खळाळणारं; कुठल्याही कवीने ते तपासलेलं नसायचं. मला वाटे, ते पाणी आपण खरं करून दाखवू. असलं काही तुला सांगण्यात अर्थ नव्हता. आजार होऊ न देणारा डॉक्टर, एवढंच म्हणालो. तू पेंढी खाली ठेवलीस. "मंजे तुजं काम झालं तर दिसायचं न्हाय. मग जे दिसत न्हाय त्याचा पगार कोन देतो रं?" पुढे तालुक्याला गेलो, जिल्ह्याला गेलो, एम.डी. करून पोरांना शिकवलं, तरी तुझ्या प्रश्नाचं धड उत्तर मला सापडलेलं नाही.

मग गावात कावीळ आली. मी रजा टाकून आलो, पंचायतीच्या शिपायाकडून विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकून घेतली, आणि काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब सोडले. पाणी पिवळं झालं. पिवळं म्हणजे पावडर पाण्यात टिकली, पाणी प्यायला चांगलं. आम्हाला तो रंग सोन्यासारखा वाटतो. मी खुशीत ती नळी सगळ्यांना दाखवली, आणि तू मागे उभा होतास. दुसऱ्या दिवशी विहिरीवर एक हंडा नाही. सगळ्या बाया ओढ्याच्या वाळूत खणलेल्या खड्ड्यावर, डवऱ्यावर. तू घरोघर सांगून आला होतास की माझ्या पोरानंच दाखवलं, विहिरीत कावीळ उतरलीय, पानी पिवलं पडलंय. मी डवऱ्याच्या पाण्यात थेंब सोडले, ते काचेसारखं स्वच्छ राहिलं. तू म्हणालास, "हे बग. आता बोल." इतकी वर्षं शिकलो, पण पिवळा रंग बघून माणसाला काय वाटेल हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

सगळ्यांसमोर विहिरीचं पाणी प्यायलो, रोज. तू नव्या बैलाकडे बघावं तसा माझ्याकडे बघत होतास, डोळ्यांच्या कडा, नखं. मग एका सकाळी तू स्वतः पोहरा सोडलास, प्यालास, तोंड पुसलंस आणि शेताकडे गेलास. बाया परत आल्या. त्यानंतर मी कधीही घरी आलो की मी टेकायच्या आत तू तांब्या पुढे करायचास, "कर पिवलं." आणि ते नेहमी पिवळं व्हायचं. कधी कधी जरा जास्तच, जवळजवळ केशरी. एरवी तो शिपाई आळशी. मी न कळवता आलो की साधारण पिवळं, कळवून आलो की केशरी. मी येणार म्हणून आदल्या दिवशी तू स्वतः पावडर ओतायचास, असा मला संशय आहे. तुला पटलं होतं, की पोराला बरं वाटावं म्हणून ओतत होतास? ती विहीर आता एका गोदामाच्या फरशीखाली आहे, वरून ट्रक जातात. विचारायला कुणी उरलं नाही.

म्हणून आज दुपारी मी पोरीला सरळ विचारलं, माझ्यासाठी करते आहेस का. ती रागावली नाही. गणेशपुरीच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात तिची ड्युटी होती, तिथलं सांगू लागली. एका पाड्यावरची तीच तीच पोरं जुलाब घेऊन यायची; ही साखरमिठाचं पाणी द्यायची, पोरं बरी व्हायची, आया पाया पडायच्या, आणि पोरं पुन्हा यायची. शेवटी ही स्वतः नळी घेऊन पाड्यावर गेली. "पाणी पिवळं झालंच नाही, आजोबा. मला इतका राग आला. त्या बाया माझ्या पाया कशाला पडत होत्या?"

कुणाला बरं वाटावं म्हणून असा राग येत नाही. मी मुलाला हाक मारली आणि म्हणालो, तिला हवी ती पसंती भरू दे. मशीनच्या किमतींचा कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. ती आत गेली, भरलं, आणि बाहेर येताना हातात तांब्या. "करा पिवळं," म्हणाली. तुझी गोष्ट मीच तिला कधीतरी सांगितली असणार. नळाचं पाणी, थेंब सोडले, फिकट पिवळं झालं, जेवढं व्हायला हवं तेवढंच.

बाबा, हे पत्र घालायला पेटी नाही, आणि असती तरी मी घातलं नसतं, कारण एक गोष्ट तुला कळू नये असं वाटतं. तू तांब्या पुढे करायचास तेव्हा तुझ्या हाताला पावडरीचा वास यायचा. मला तो कळायचा. मी विचारलं नाही, कारण तू फक्त माझ्यासाठी ते करतोस, असंच मला हवं होतं. आणि पोरीचं उत्तर ऐकून आज जिवाला बरं वाटलं खरं, पण थोडंसं वाईटही वाटलं.