दोर रिकामा फिरतो

४ मार्च १९५७
आजही माझ्या इंजिनाचा डबे ओढणारा दोर रिकामाच फिरला! खदानीतून निम्मासुद्धा कोळसा वर आला नाही. साहेब इंजिनघरात येऊन माझ्यावरच ओरडला — म्हणे इंजिन दमलंय, माजरीहून फिटर बोलावतो. बोलाव! ओझ्याचा दोर कसा चालतो आणि बिनओझ्याचा कसा, ते मला आवाजावरून कळतं.

५ मार्च
फिटरनं दिवसभर इंजिन उघडं पाडलं. काही सापडलं नाही. संध्याकाळी वारलू — माझ्या बहिणीचा, रुखमाचा नवरा; खाली कोळसा भरणाऱ्या दोन टोळ्या, एक त्याची, एक देवाजीची — खालून चढण चढून आला आणि माझी गचांडी धरली. "देवाजीच्या टोळीले डबे देतं, आमाले काऊन नाई? तू माया साळा हायस का त्याचा?" मी पाना उचलला. लोक मध्ये पडले, नाहीतर त्याचं डोकं फोडलंच असतं. मेहुणा असला म्हणून काय झालं!

६ मार्च
स्वतः खाली उतरलो. सापडलं! वारलूच्या टोळीनं सगळ्या क्लिपा गोणपाटाखाली दाबून ठेवल्यात. देवाजीच्या टोळीनं रिकामे डबे बाजूच्या गल्लीत कोंडलेत. क्लिपेशिवाय डबा दोराला धरत नाही, आणि डब्याशिवाय क्लिप काय चाटायची? "पयले त्याले सोडू दे," वारलू म्हणाला. देवाजीही तेच म्हणाला. दोघंही मजुरीविना उपाशी, आणि बदनाम माझं इंजिन!

८ मार्च
खाली फावडी चालली. वारलूनं देवाजीच्या टोळीतल्या चैतूचे दात पाडले. त्यांनी वारलूच्या टोळीतल्या झाडू नावाच्या पोराचं मनगट कुदळीच्या दांड्यानं मोडलं — हाड बाहेर आलेलं मी पाहिलं. दोघांना चांद्याला दवाखान्यात नेलं.
घरी रुखमा येऊन बसली होती. "दादा, उद्या ते कोनाचा तरी जीव घेतीन, नाईतर आपला देतीन. तू काई तरी कर!" करतो म्हणालो. हिच्यासाठी तरी करायलाच हवं.

९ मार्च
साहेबाला पटवलं. आता खाली कुणी काही ठेवायचं नाही. डबे, क्लिपा सगळं वर, माझ्या ताब्यात. एका टोळीला दोन्ही एकदम द्यायचं. भरून सगळं परत आलं की मग दुसरीला. दोर चालू करायला खालून इंजिनघरात घंटी वाजवायची: वारलूची तीनदा, देवाजीची दोनदा. पाळी नसताना वाजवली तर इंजिन बंद!

१३ मार्च
कोळसा धडाधड वर येतोय. मारामारी नाही. रुखमानं आंबील आणून दिली. वारलू मात्र पाळी सोडून घंटी वाजवून बघतो. मी लगेच इंजिन बंद करतो आणि चढणीच्या तोंडाशी उभा राहून शिव्या घालतो. माझ्यापुढे दांडगाई चालायची नाही!

१४ मार्च
पुन्हा तेच. पुन्हा बंद केलं. थकेल आपोआप.

१५ मार्च
वारलूची पाळी संपली. डबे, क्लिपा सगळं वर आलं. आणि लगेच त्याची घंटी — तीनदा, परत तीनदा, परत. मी इंजिन बंद केलं आणि विडी पेटवली.
बऱ्याच वेळानं देवाजी चढण चढून आला. पाठीवर वारलू. छताचा दगड मांडीवर पडला होता, देवाजीचं धोतर रक्तानं भिजलेलं. "घंटी आयकू नाई आली काय तुले, मुखरूभाऊ? डबा धाडला असता तं डब्यात घालून आनला असता याले."
जीव वाटेतच गेला होता. रुखमा फाटकाशी बसली आहे. मला बाहेर जाववत नाही.