आरशावरची रेघ

३ फेब्रुवारी

चि. टिचकीस,
अनेक आशीर्वाद. तू आणि तुझं दुकान दोघंही सुखात असाल असं धरून चालते, कारण तुझं पत्र काही आलेलं नाही.

आता हसू नकोस. मला केस कापायचेत. चांगले आखूड. एवढं लिहून मी उठून पाणी पिऊन आले. केस कापायचं शिकायला गेलीस आणि पहिल्याच महिन्यात स्वतःची वेणी उडवून घरी आलीस, तेव्हा मी तुझ्याशी किती दिवस बोलले नव्हते ते तुला आठवत असेलच. तीच मी आज हे विचारतेय. तेव्हा जी काही थट्टा करायची ती एका पत्रात उरकून टाक.

कारण साधं आहे. उजवा खांदा आखडलाय. कात्री चालते, शिवणाचं मशीन चालतं, पण हात कानाच्या वर जात नाही. डॉक्टर म्हणतात, व्यायाम करा, वर्षभरात सुटेल. तोवर वेणी कोण घालणार? सध्या शेजारच्या नर्सबाई घालतात. निवृत्त झाल्या तरी त्यांचा हात अजून वॉर्डातच आहे. बँडेज बांधावं तशी वेणी आवळतात. दिवसभर माझ्या भुवया वर चढलेल्या असतात आणि गिऱ्हाइकांना वाटतं, मला त्यांच्या कापडाचं नवल वाटतंय. पण त्याही मार्चअखेरीस मुलाकडे राहायला चालल्या.

कोपऱ्यावरच्या पार्लरमधली मुलगी म्हणाली, काकू, तुम्हाला बॉयकट मस्त दिसेल. ती सगळ्यांनाच असं सांगते. बँकेतल्या कॅशियरबाईंनी तिचं ऐकलं आणि आता त्या उकाड्यातही डोक्याला रुमाल बांधून बसतात. मला काय शोभेल ते तूच सांग. माझा चेहरा तुला पाठ आहे.

आणखी एक. नर्सबाई कितीही आवळोत, दुसऱ्या कुणाचा हात डोक्यावरून फिरला की बरं वाटतं. आई गेल्यापासून तसं कुणी केलंच नव्हतं. उगाच लिहिलं.

लोभ आहे तेवढा तरी टिकव.
तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र मी एका बाईंच्या डोक्याला शाम्पू लावता लावता वाचलं. "आखूड" या शब्दापाशी आले आणि थांबलेच. बाईंच्या डोक्यावरचा फेस वाळून गेला. पत्र तुझंच आहे ना, हे बघायला मी पाकिटावरचं अक्षर दोनदा पाहिलं. लहानपणी माझी वेणी कमरेपर्यंत वाढावी म्हणून कान धरून बसवायचीस, आणि आता हे. झाली थट्टा. बाकीची पुढच्या पत्रात.

खांद्याचं वाचून वाईट वाटलं. शेकत जा, आणि बाह्या शिवायच्या असतील तेव्हा उंच स्टुलावर बस.

चेहरा पाठ आहे म्हणतेस, पण तो चार वर्षांपूर्वीचा. चेहरा बदलतो गं. गालावरचं उतरतं, जबडा पुढे येतो. कट निवडायचा म्हणजे एवढंच असतं: गोल चेहऱ्याला उंची द्यायची, लांबट चेहऱ्याला रुंदी द्यायची, चौकोनी चेहऱ्याचे कोपरे मऊ करायचे. पण आधी आकार तर कळला पाहिजे.

तेव्हा असं कर. केस मागे घट्ट बांध (तिथे नर्सबाई कामाला येतील). आरशासमोर ताठ उभी राहा, एक डोळा मीट आणि साबणाच्या वडीच्या कडेनं आरशावर चेहऱ्याभोवती रेघ ओढ. दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की मी हेच करते, आकार बघते आणि पुसून टाकते. तू त्या रेघेवर तुझा पातळ बेतायचा कागद ठेवून छापून घे आणि मला पाठव.

यंदा नक्की येईन म्हणते. दर वर्षी असंच म्हणते, ते मलाही ठाऊक आहे. दोन खुर्च्यांचं दुकान आणि कापणारी मी एकटी. बंद ठेवलं की गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जातात.

मायेत काटकसर करू नकोस.
तुझी,
टिचकी

१९ फेब्रुवारी

चि. टिचकीस,
आशीर्वाद. सोबत माझा चेहरा पाठवतेय. घडी जपून उघड.

कपाळाची रेघ डाव्या हातानं ओढली, त्यामुळे तिथे जरा थरथरलीय. बाकीच्या रेघेवर डोळे मिटून भरवसा ठेव. तीस वर्षं कापडावर खडू चालवतेय, सुताएवढीसुद्धा चूक होत नाही. मी हलू नये म्हणून नर्सबाईंनी इंजेक्शन द्यायचं असल्यासारखे माझे खांदे धरून ठेवले होते.

खरं सांगू, इतका वेळ मी स्वतःकडे कधी बघितलंच नव्हतं. आरसा आहे तो गिऱ्हाइकांसाठी. त्यांच्यामागे उभी राहून मी खांदे बघते, कंबर बघते, घेर सरळ पडलाय का बघते. परवा स्वतःकडे बघितलं आणि क्षणभर वाटलं, आईच माप द्यायला आलीय.

तुझ्या खाटेवर मी कापडाचे तागे रचून ठेवलेत. ते उचलायला फार वेळ लागणार नाही. कळवून ठेवलं.

आठवण काढतेस ना, तशीच काढत राहा.
ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. थट्टा बाजूला ठेव आणि मला खरं काय ते लिही.

तुझा कागद उघडला आणि दुकानातल्या आरशासमोर माझ्या चेहऱ्यावर धरला. माझा चेहरा चहूबाजूंनी बाहेर आला. पट्टीनं मोजलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत साडेतीन इंच. ताई, एवढा चेहरा मोठ्या माणसाचा नसतो, हे डोक्याला कळत होतं. पण मग चुकलं काय? एक तर तू खंगलीस, नाही तर तुझा हात चुकला. आणि तुझा हात चुकत नाही, हे तूच बजावून सांगितलंयस. खांदा नुसताच आखडलाय की आणखी काही आहे? खुर्चीत बसलेल्या बाईंना उद्या या म्हणून सांगितलं आणि मागच्या खोलीत जाऊन बसले.

आईचा चेहरा शेवटी असाच झाला होता. उशीवर एवढासा. मी आले तेव्हा मला आधी उशीच दिसली होती.

आता लिहितेच आहे तर हेही लिहिते. दुकान बंद ठेवता येत नाही हे खरं आहे, पण ते काही कारण नाही. त्या घरात दार उघडायला आई येणार नाही, हे मला सोसवत नाही. म्हणून दर वर्षी येईन म्हणते आणि तिकीट काढत नाही. तुला हे कळलं असेल. तू कधी बोलली नाहीस.

फोन करणार होते, पण तो नर्सबाईंकडे, आणि त्यांच्यासमोर तू "बरी आहे" यापलीकडे काही सांगणार नाहीस. तुझ्या पत्रातही मला निम्मंच कळतं. तू आजारी असशील तर मी दुकानाला कुलूप लावून निघते. फक्त तसं कळव.

वाट बघतेय.
टिचकी

४ मार्च

चि. टिचकीस,
अनेक, अनेक आशीर्वाद. तू तिथे घाबरलीस आणि इथे मी हसले, त्याबद्दल रागावू नकोस.

मी बरी आहे. तुझं पत्र आल्याबरोबर टेप घेऊन आरशासमोर गेले. चेहरा मोजला, सात इंच. आरशावरची रेघ मोजली, साडेतीन. मागे सरकून पुन्हा काढली, साडेतीन. नाक काचेला टेकेल इतकी पुढे गेले, तरी तेवढीच. नर्सबाईंना उभं केलं, त्यांचंही निम्मंच भरलं. पहिली रेघ तेवढी ठेवून बाकीच्या पुसून टाकल्या. आरशात चेहरा अख्खा दिसतो, पण काचेवर त्याची जागा निम्मीच असते. इतकी वर्षं तू गिऱ्हाइकांच्या रेघा ओढतेस आणि मी आरशासमोर मापं घेते, आणि दोघींपैकी एकीच्याही हे लक्षात आलं नाही. हुशार बहिणी म्हणून गल्लीत आपलं केवढं नाव होतं.

खरी मापं अशी: कपाळ पाच इंच, गालांपाशी साडेपाच, जबडा पाचाला जरा जास्त. जेवते नीट.

पण तुझं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आजारी असशील तर निघते. वाटलं, काही कळवूच नये. गप्प बसावं, तू येशीलच. नर्सबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, धडधाकट माणसानं खाट अडवू नये. म्हणून हे खरं सांगणारं पत्र लिहितेय, पण पेटीत टाकायला हात धजत नाही.

दार उघडायला आई नाही हे मला रोज दिसतं, टिचके. मी रोज ते दार उघडते. तुझ्यासाठीही उघडेन, एवढंच माझ्या हातात आहे. मी आजारी नसले तर यायचं नाही असं काही आहे का, ते मात्र सांग.

राग येऊ देऊ नकोस.
ताई

१० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझी मापं मिळाली. तुझा चेहरा चौकोनी आहे. जबडा कपाळाच्या बरोबरीनं आलाय, आणि हट्टीपणा पहिल्यापासून तिथेच बसतो. म्हणून जबड्यापाशीच संपणारा कट तुला मुळीच नको, कोपरे आणखी उठून दिसतील. बॉयकटही नको, कान दिसतील, आणि तुझ्या कानांबद्दल मी काही बोलत नाही. मागे मानेवर आखूड, पुढे उतरत येऊन जबड्याच्या थोड्या खाली थांबणाऱ्या बटा. टोकं सरळ कापायची नाहीत, विरळ करायची. भांग मधला नको, डावीकडून, म्हणजे कपाळाचा एक कोपरा झाकला जाईल. एका हातानं विंचरता येईल असा कट आहे.

हे सगळं त्या पार्लरच्या मुलीसाठी एका कागदावर नीट लिहून काढलं. मग तुझ्या मानेवरचा भोवरा आठवला. डावीकडे, केसांच्या अगदी मुळाशी, तिथे केस उलटे फिरतात. जास्त कापले की पिसासारखे उभे राहतात. तो डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं की लागतो. कागदावर ते कसं लिहायचं ते मला सुचेना. मग तो कागद फाडून टाकला.

वीस तारखेला येतेय. तिकीट काढलं. दुकानाच्या दारावर पाटी लावलीय, आणि समोरच्याला जाऊन सांगितलं, आठवडाभर माझ्या बायका सांभाळ. तो इतका चकित झाला की सांभाळतो म्हणाला.

तागे उचलू नकोस, मी आल्यावर उचलेन. आणि मी दारात थोडा वेळ नुसतीच उभी राहिले तर आत ये म्हणून घाई करू नकोस.

तोवर त्या कात्रीवालीला लांब ठेव.
तुझी,
टिचकी

२ एप्रिल

चि. टिचकीस,
आशीर्वाद. सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. समोरच्यानं दोन गिऱ्हाइकं ठेवून घेतली, हे वाचून वाईट वाटलं. पण एकीला तो परत तुझ्याकडेच पाठवेल, तिचे केस तिलाही आवरत नाहीत असं तू म्हणाली होतीस.

घर एकदम मोठं झालंय. खाट रिकामीच ठेवलीय, तागे खाली भिंतीशी रचलेत. वाकून काढायला त्रास होतो, पण असू दे.

कटाचं सगळ्यांना कौतुक आहे. नर्सबाई जाताना म्हणाल्या, दहा वर्षांनी लहान दिसता. टाके काढल्यावर पेशंटलाही त्या असंच सांगत असतील, पण मी ठेवून घेतलं. पार्लरची मुलगी गल्लीत मला थांबवून माझ्याभोवती एक फेरी मारून गेली. कॅशियरबाई मात्र तुझा पत्ता मागत होत्या.

त्या दिवशी मागच्या खोलीत, माझ्या स्टुलावर, गळ्याभोवती अस्तराचं कापड गुंडाळून तू मला बसवलंस, आणि कात्री हातात घ्यायच्या आधी कितीतरी वेळ माझ्या मानेवर नुसतं बोट फिरवत राहिलीस. भोवरा शोधतेय म्हणालीस. तो तुला केव्हाच सापडला होता, मला कळत होतं. मी हलले नाही.

आता मुद्द्याचं. काल आरसा पुसायला घेतला. गिऱ्हाईक विचारायचं, बाई, ही साबणाची रेघ कसली. फडकं ओलं करून गेले तर माझ्या रेघेच्या शेजारी दुसरी रेघ. थोडी खाली. तू निघायच्या दिवशी सकाळी ओढलीस ना? आणि मला बोलली नाहीस. टेप लावून बघितलं. जबडा माझाच, हनुवटी तेवढी तुझी टोकदार. फडकं पिळून वाळत टाकलं. आता कुणी विचारलं तर सांगते, खुणा आहेत, काम व्हायचंय अजून.

सकाळी भांग पाडताना गुडघे जरा वाकवले की माझा चेहरा तुझ्या रेघेत बरोबर बसतो. आखूड केसांत तर फारच. तेवढा वेळ मी तशीच उभी राहते, मग मशीनवर बसते.

इथलं दार तुला माहीत झालंय, ते विसरू नकोस.
तुझी,
ताई

ता. क. खांदा सुटायला लागलाय. काल हात कपाळाच्या वर गेला. हे तुला कळवायचं नव्हतं, पण तू म्हणतेस मी निम्मंच सांगते, म्हणून कळवलं. वेणी घालण्याइतका वर गेला तरी केस वाढवणार नाही. आखूडच ठेवणार. मानेवरचे आतापासूनच वाढायला लागलेत, आणि तो भोवरा दुसऱ्या कुणाला सापडत नाही.