तुझ्या सहीचा फॉर्म

प्रिय शंकेखोर,

हे नाव मीच ठेवलं तुला, वॉर्डात आलीस त्या आठवड्यात. एका औषधामागे दहा प्रश्न! मी वैतागायचे, पण मनात म्हणायचे, या पोरीच्या हातून पेशंट दगावणार नाही.

काल सहा नंबरच्या आजोबांची मुलगी त्यांचा चष्मा न्यायला आली. मला वाटलं, तुझ्या नावाने बोटं मोडेल. तिने एवढंच विचारलं, की शेवटी त्यांना त्रास झाला का. मी नाही म्हटलं. तेही खोटंच.

आजोबांचा तो डोस सकाळी मीच दिला होता. नोंदही केली होती, पण नव्या कॉम्प्युटरने ती घेतलीच नाही, आणि दुपारी तू तोच डोस पुन्हा दिलास, त्यातच आजोबा गेले. मी चार पावलांवर ड्रेसिंग करत होते. जुन्या रीतीने दोघींनी औषधाचं आणि पेशंटचं नाव मोठ्याने वाचून इंजेक्शन भरलं असतं, तर मी तिथेच ओरडले असते.

कॉम्प्युटर येण्याआधीचा तो सर्व्हे आठवतो? बदलाला आपण किती तयार आहोत, याचे वीस प्रश्न, एक ते पाच गुण. वर नाव घालायचं, म्हणजे खरं कोणी लिहायलाच नको. बाकीच्यांनी डोळे झाकून पाच-पाच दिले. तू एक आणि दोन दिलेस, आणि खाली लिहिलंस की मोठ्याने वाचायची रीत मोडू नका.

आता चौकशी समिती म्हणते, अख्खा वॉर्ड तयार होता, हिनेसुद्धा पाचच दिलेत, तेव्हा चूक हिचीच. तू घरी बसून डोकं फोडत असशील, की मी पाच कधी दिले. तू दिले नाहीस गं. मेट्रनबाईंनी तुझा फॉर्म मला परत पाठवला, तुमचाच वॉर्ड खोडा घालणार का म्हणून. मी कच खाल्ली. कोरा फॉर्म घेतला, पाच भरले, तुझी सही केली. तुझं अक्षर मला सहज जमलं, चार्ट लिहायला मीच तर शिकवलं होतं.

तुझा खरा फॉर्म फाडायला हात धजावला नाही. तो सोबत ठेवलाय. उद्या तुझी सुनावणी आहे. मीच तो समितीपुढे ठेवणार होते, पण मी मला ओळखते, दारापर्यंत जाऊन परत फिरेन. म्हणून तुझ्याकडे पाठवतेय. हे पत्रही दाखव. माझ्यावर दया करू नकोस.

तुझीच, म्हणायला आता जीभ अडखळते,
ताई