लेडीज मालक, कमी चाललेली

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा शिवणकाम, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्या मालमत्तेची व्यवस्था लिहून ठेवत आहे. गुडघे सोडले तर मला काही दुखणे नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहत्या घरातला माझा निम्मा हिस्सा मुलाला द्यावा. यजमान हयात असेपर्यंत त्यांना तिथून कोणी हलवू नये. बँकेतली ठेव यजमानांची. शिलाई मशीन आणि कात्र्या सूनबाईला. मोठ्या कात्रीने कागद कापलेला मला वर गेल्यावरही खपणार नाही.

२. दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार. ही माझ्या एकटीच्या नावावर आहे आणि मला गाडी चालवता येत नाही. यजमानांनी उभी हयात ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना शिकवण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर ही जुनी गाडी घेतली. दलाल म्हणाला, "काका, काकूंच्या नावावर घ्या. विकताना 'लेडीज मालक, कमी चाललेली' म्हणता येतं, भाव चढून मिळतो." यांना ते लगेच पटले. माझे म्हणणे इतक्या लवकर कधी पटले नाही.

भाव काही चढला नाही. घेतली त्याच्या निम्म्यालाही आता कोणी विचारत नाही. क्लच बदलला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या नव्या ओट्याच्या बेतावर पाणी सोडले. टायरवाला तर आधी बसायला खुर्ची देतो आणि मग किंमत सांगतो. भाव टिकावा म्हणून हे गाडी बाहेरच काढीनात. उभी राहून तिची रबरे वाळली, ती बदलायचा खर्च वेगळा. मुलगा म्हणतो, "आई, हत्ती पोसतोय आपण. आत्ताच विकून टाक, अजून उतरेल." त्याचा हिशोब बरोबर आहे, हे त्याला कळावे म्हणून इथे लिहिते.

पण गेल्या वर्षी यजमानांची नजर गेली, लायसन्सही गेले. तेव्हापासून ते रोज सकाळी खाली जाऊन गाडीत बसतात, इंजिन चालू करून ऐकतात आणि वर येऊन सांगतात, "आज आवाज छान होता गं." माझ्यामागे ती विकली, तर हा माणूस सकाळी उठेल कशासाठी? मला एवढी एकच काळजी आहे.

३. सबब, गाडी मुलीला द्यावी; तिला चालवता येते. यजमान आहेत तोवर तिने ती विकू नये. खर्चासाठी माझ्या बांगड्या मोडाव्यात. मशीनवर अडकतात म्हणून मी त्या फारशा घातल्याच नाहीत.

४. प्रत्येक दुरुस्तीला 'बघतो-बघू' म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याला काही देऊ नये. साक्षीदाराला काही मिळत नाही असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून त्याला मुद्दाम साक्षीला बसवले आहे.

५. मुलीने दर रविवारी वडिलांना शेजारच्या सीटवर बसवून मोकळ्या रस्त्याला न्यावे. किलोमीटर वाचवू नयेत. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक असे, या गाडीत तो नाही. तरी ते पाय दाबतील. त्यांनी पाय दाबला, की तिने ब्रेक लावावा.

सही: लिहून ठेवणारी
साक्षीदार १: गॅरेजवाला (सही)
साक्षीदार २: खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका (सही)
ठिकाण: राहते घर, शिवणाची खोली
दिनांक: चौदा मार्च