न घेतलेली पिशवी

७ जून
नव्या जातीच्या भाताचं बी-वाटप, पुन्हा पुंडलिकशेठच्या अंगणात! उमरोळीच्या रस्त्यालगतचं घर, साहेबांना सोयीचं. गावातले पुरुष खुर्च्यांवर. आमच्या पाड्यावरच्या बाया कुंपणाबाहेर, उकिडव्या. कृषी खात्याचे शैलेश साहेब ओरडले, "आत या की, ताई!" कुणी हललं नाही. ज्या अंगणात मजुरीला वाकायचं, तिथं खुर्चीत कसं बसायचं? साहेबांना हे सुचत नाही — की सुचतं?

मी पाड्याची सून, यंदापासून कृषी सखी. भांडले. शेतीशाळा पाड्यावर घ्या, म्हटलं.

"नवं भात तिथं उगवलेलं दाखवा, मग घेऊ. नाहीतर इथंच."

पुंडलिकशेठ हसला. "शिजवून खातील, साहेब!"

घरटी एक पिशवी मिळाली. माझी मी घेतली नाही. सखीनं आधी स्वतःचं घर भरलं, असं कुणी म्हणायला नको.

११ जून
कोळगावला प्रशिक्षण, मुक्कामी. माझ्या राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, बी टाकायचं काम तानी आत्या आणि बाया करतील. पाड्यावर एकमेकींचं करतातच. माझं जुनं बी कणगीत आहे, सांगून आले.

१४ जून
"तुमचं नवं बी पेरलंत?"

"पेरला गं."

तानी आत्या चुलीकडे बघत बोलली. चूल विझलेली होती.

२३ जून
पाड्यावरचे राब पाहून आले. सगळीकडे रोपं बारीक, फिकट, उंच. जुनंच भात! पुंडलिकशेठच्या राबात मात्र ठेंगणी, जाड, काळपट हिरवी. त्यालाही पिशवी मिळाली होती, मान्य. पण एका पिशवीत एवढा मोठा राब?

देवू बोईसरहून कारखान्यातली पाळी संपवून आला. ऐकलं, जेवला, म्हणाला, "तुला नवरा पन चोर दिसल एक दिवस."

बायांना विचारलं. एकेक कामाला निघून गेल्या.

२४ जून
पुंडलिकशेठला रस्त्यातच गाठलं. पाड्याचं बी तुमच्याकडे कसं?

"जास्तीचं दुकानातून आणलंय. पावती दाखवू?" मग हळूच, "मला काय विचारतेस? आपल्या बायकांना विचार."

पावती दाखवली नाही. मीही मागितली नाही. त्याची गरजच वाटली नाही मला.

विहिरीवर बायांचं बोलणं रंगात आलं होतं. मी पोचले आणि थांबलं.

"आली सायबीण."

कोण म्हणालं कळलं नाही. सगळ्याच हसल्या.

२५ जून
माझ्या राबाकडे अजून फिरकलेही नाही. ओहोळापलीकडे कोण जाणार. दुसऱ्यांचेच राब डोळ्यांसमोर.

२६ जून
साहेबांचा फोन. उद्या पाहणीला येतात. काही उगवलेलं नसेल तर शेतीशाळा पुंडलिकशेठकडेच, कायमची.

सांगून टाकलं — बी त्यानं लाटलं!

"नक्की?"

नक्की, म्हटलं.

२७ जून, सकाळ
ओहोळ ओलांडला. निदान स्वतःचा राब नीट आहे का, बघावं.

ठेंगणी, जाड, काळपट हिरवी. बोट घालायला जागा नाही, इतकी दाट!

घरी येऊन कणगी उघडली. माझं बी जसंच्या तसं.

तानी आत्या दारात येऊन उभी. "ताडी पाजतो तो आदी आपन पितो. तू पिशवी घेतली नाय. आमाला वाटला, कायतरी हाय त्यात. मंग सगल्या पिशव्या तुज्याच राबात टाकल्या, तुलाच पाजली."

आणि माझं नसतं पिकलं तर?

"येडी का? घरटी सूप-सूप भात घातला असता. उपाशी ठेवतंव का तुला?"

साहेब विचारतील, राब कुणाचा. पाड्याचा, म्हणेन. खोटं नाही.

त्यांच्यासोबत पुंडलिकशेठही येतो आहे. त्याला काय म्हणू?